मासा कुठे गेला?

परवा चौथीच्या वर्गात मी फळ्यावर दोन अक्षरं काढली. आलेफ आणि बेत. हिब्रू भाषेची ही पहिली दोन अक्षरं. हिब्रू म्हणजे ज्यू लोकांची भाषा. आपल्या अलिबागच्या सिनेगॉगमधली प्रार्थनाही हिब्रूतच असते. अक्षरं फक्त २२, आणि लिहायचं उजवीकडून डावीकडे!

आलेफ म्हणजे बैल, बेत म्हणजे घर. दोन्ही जोडली की होतं 'आव', म्हणजे वडील. "बघा, घरातला बैलासारखा बळकट माणूस म्हणजे बाबा!" मी ऐटीत सांगितलं. असे अर्थ लावणारे पुष्कळ आहेत, आणि वाचताना मजाही येते. वर्ग खूश!

तेवढ्यात मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "बाई, माशाला काय म्हणतात?"

'दाग'. दालेत म्हणजे दार. गिमेल म्हणजे उंट, असं परंपरा सांगते.

"दारात उंट? मग मासा कुठे गेला?"

झाली ना माझी फजिती! घरी येऊन पुन्हा पुस्तकं काढली. साडेतीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी सिनाईच्या वाळवंटात, खाणींजवळ, कुणीतरी दगडांवर चित्रं कोरली. बैलाचं डोकं, डोळा, पाणी. फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज संशोधकाला ती १९०५ साली सापडली. गंमत अशी, की त्यात घराचं चित्र घरासाठी नव्हतंच. ते होतं 'बेत'मधल्या पहिल्या आवाजासाठी, म्हणजे 'ब'साठी! अशा चित्रांचीच पुढे अक्षरं झाली. आपलं 'क कमळाचा, प पतंगाचा' असतं ना, तस्संच. म्हणून 'कप' म्हणजे कमळावर बसलेला पतंग होतो का? आणि बाबांना हाक मारायला मूल आधी शिकतं, लिहायला नंतर. 'आव' हा शब्दही अक्षरांच्या कितीतरी आधीचा.

अक्षरांचे खेळ मात्र ज्यू गुरुजींनाही आवडायचे. तालमूद या त्यांच्या जुन्या ग्रंथात एक छान आहे. 'एमेत' म्हणजे खरं. त्यातली अक्षरं वर्णमालेतली पहिलं, मधलं आणि शेवटचं. 'शेकेर' म्हणजे खोटं. त्याची तिन्ही अक्षरं शेजारी शेजारी! खोटं पटकन सापडतं, खऱ्यासाठी लांब जावं लागतं, असं ते गुरुजी म्हणत. शब्द असा बनला, असा त्यांचा दावा नव्हता बरं का.

दुसऱ्या दिवशी मी सगळी अक्षरं फळ्यावर मांडली आणि अंतर मोजायला त्या मासेवालीलाच बोलावलं. तिने डावीकडून सुरुवात केली, तसा अख्खा वर्ग ओरडला, "अगं, उजवीकडून!"