नायक झोपतो, खेळणारा जागतो

‘डॉक्टर, मुलगा रात्र रात्र कॉम्प्युटरवर तो जपानी खेळ खेळत बसतो. त्याला व्यसन लागले म्हणायचे का?’ अशी विचारणा करणारे पालक हल्ली आमच्या वरळीच्या दवाखान्यात वरचेवर येतात. आपल्या जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांचे एक टोक अजून वरळी-परळ-लालबागला असते. मुलगा शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी काकाकडे, मामाकडे राहतो, मे महिन्यात लॅपटॉप घेऊन गावी येतो, आणि पडवीत रात्री दोनपर्यंत उजेड दिसला की आजीला वाटते, पोरगे हातचे गेले. म्हणून आजचा लेख या विषयावर.

माझे मत आधीच सांगून टाकतो. या जातीच्या खेळाला सरसकट व्यसन म्हणणे मला मान्य नाही. मात्र तो ज्या वेळी, जितक्या जवळून आणि ज्या अंधारात खेळला जातो, ते मला डॉक्टर म्हणून मुळीच मान्य नाही.

प्रथम हा खेळ काय आहे ते पाहू. तो मोटारी पळवण्याचा किंवा बंदुका झाडण्याचा खेळ नव्हे. इंग्रजीत याला ‘रोल प्लेइंग गेम’ म्हणतात. एक लांबलचक गोष्ट असते, तिच्यात चार-सहा सोबती मिळतात, गावोगाव हिंडायचे, माणसांशी बोलायचे, लढाया करायच्या आणि हळूहळू बलवान व्हायचे. हप्त्याहप्त्याने वाचायची जाडजूड कादंबरीच म्हणा ना! जपानमध्ये 1986 साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला आणि हे वेड पसरले. 1988 च्या फेब्रुवारीत त्याचा तिसरा भाग ऐन कामाच्या दिवशी विक्रीला आला, तेव्हा शाळा बुडवून मुले दुकानांपुढे रांगेत उभी राहिली. म्हणजे ही तक्रार आपल्या घरापासून सुरू झालेली नाही. 1997 च्या जानेवारीत ‘फायनल फँटसी सेव्हन’ हा खेळ प्लेस्टेशनसाठी निघाला आणि पुढच्याच वर्षी, 1998 मध्ये, तो घरगुती कॉम्प्युटरवर आणला गेला. अलीकडचा ‘पर्सोना फाइव्ह रॉयल’ 2022 च्या ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटरवर आला. तो पुरा करायला शंभर तासांच्या आसपास लागतात.

न खाल्लेल्या पदार्थाचे पथ्य सांगू नये, असे माझे मत आहे. म्हणून एका तरुण पेशंटकडून हा ‘फायनल फँटसी’ मी दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर घालून घेतला आणि संध्याकाळचे पेशंट संपले की रोज पाऊण तास, गजर लावून, खेळलो. साधारण दोन महिन्यांत संपवला. आमच्या कंपाउंडरने या काळात माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती सोडून देऊ.

वरळीत राहणाऱ्या माणसाला त्यातली गोष्ट परकी वाटणार नाही. मिडगार नावाचे एक शहर आहे. उंच खांबांवर मोठी तबकडी बसवलेली, तिच्यावर सुखवस्तू लोकांची वस्ती आणि तबकडीच्या खाली झोपड्या. खालच्यांना आभाळ दिसत नाही. एक वीज कंपनी जमिनीतले सत्त्व शोषून वीज करते आणि तिच्याविरुद्ध काही माणसे उभी राहतात. पुढे मध्यावर एक मुख्य पात्र मरते आणि ते परत येत नाही. माझ्या ओळखीची दोन-तीन मुले या जागी रडली आहेत, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. खुद्द नायकाला आपण कोण हे नीट आठवत नाही. एका टप्प्यावर तो इतका खचतो, की मिडील नावाच्या गावात डॉक्टरच्या घरी चाकाच्या खुर्चीत शून्यात बघत बसून राहतो आणि त्याची मैत्रीण त्याच्याजवळ थांबते. मनाच्या आजाराने माणूस असा बसतो आणि त्याला सोबत लागते, ही गोष्ट मी घराघरांत समजावून थकलो आहे. ती या खेळाने पोरांना न समजावता दाखवली.

आता आरोग्याची गंमत पाहा. या खेळात नायक जखमी झाला, थकला, की त्याला गावातल्या लॉजवर न्यायचे. खोलीचे थोडे पैसे द्यायचे, पडदा काळा होतो, सकाळ होते, आणि सगळे सोबती ताजेतवाने! जखम भरलेली, शक्ती परत आलेली. या जातीच्या बहुतेक जपानी खेळांत हा नियम आहे. ज्याने हा खेळ रचला त्याला झोपेचे मोल पक्के ठाऊक आहे. खेळणारा मात्र नायकाला दर रात्री लॉजवर निजवतो आणि स्वतः पहाटे तीनपर्यंत खुर्चीत.

एक उदाहरण सांगतो. जांबोरी मैदानाजवळच्या बीडीडी चाळीत राहणारे एक गृहस्थ आपल्या वीस वर्षांच्या मुलाला घेऊन आले. ‘डॉक्टरसाहेब, याला झोपेची गोळी द्या, नाहीतर डोक्याच्या डॉक्टरकडे चिठ्ठी द्या. हा बिघडला.’ मुलगा मान खाली घालून बसला होता. मी वडिलांना बाहेर बाकावर बसवले आणि मुलाला चार साधे प्रश्न विचारले. कॉलेज चुकते का? नाही. परीक्षा? पास. मित्रांशी बोलणे तुटले का? नाही, रविवारी मैदानात क्रिकेट असतेच. यापूर्वीचा खेळ संपला तेव्हा काय केलेस? ‘काही नाही, डॉक्टर. दोन महिने काहीच खेळलो नाही.’

मग रात्रीच का? उत्तर त्याच्या खोलीतच होते. गेल्या शतकाच्या विशीत बांधलेल्या या चाळींतली खोली 160 चौरस फुटांची. त्यात सहा माणसे. संध्याकाळी आईचा स्वयंपाक, धाकटीचा अभ्यास, मग अकरापर्यंत टीव्ही. गोष्ट वाचायला आणि ऐकायला जी शांतता लागते, ती या पोराला रात्री साडेअकरानंतरच मिळते. तेव्हा तो दिवा घालवून, कानात इअरफोन घालून, भिंतीला टेकून लॅपटॉप मांडीवर घेतो. वडिलांना जे व्यसन दिसत होते, ती निम्म्याहून अधिक जागेची टंचाई होती. माझ्या तरुणपणी हीच मुले रात्री पॅसेजच्या दिव्याखाली रहस्यकथा वाचत आणि त्यांना कोणी डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवत नसे.

झोपेची गोळी मी दिली नाही. मुलाची झोप उडालेली नव्हती, ती कापली जात होती. या वयाला निदान सात तास झोप हवी, तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा. डोळ्यांपुढचा प्रखर उजेड मेंदूला अजून दिवस आहे असे सांगतो आणि झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा पाझरते. त्यात लढाईची उत्तेजना. लॅपटॉप मिटल्यावरही अर्धा तास मन त्या गुहेतच हिंडत राहते. चार-पाच तासांच्या झोपेवर महिना काढला, की चिडचिड, विसराळूपणा, भूक बिघडणे हे सारे येते, आणि मग घरचे म्हणतात, ‘बघा, खेळाने डोके फिरवले.’

वडिलांना मी जे सांगितले ते तुम्हालाही उपयोगी पडेल. या खेळांत, विशेषतः जुन्या खेळांत, कुठेही थांबता येत नाही. मोकळ्या नकाशावर हिंडताना खेळ जपून ठेवता येतो, पण गुहेत किंवा इमारतीत शिरले की ठराविक खुणेच्या जागेपर्यंत पोचावे लागते. त्याला ‘सेव्ह पॉइंट’ म्हणतात. त्याआधी बंद केले, तर मागच्या तासाभराची मेहनत पाण्यात. माझा गजर निम्म्या वेळा अशाच अडचणीच्या जागी वाजला. म्हणून ‘आत्ताच्या आत्ता बंद कर’ म्हणून बटन दाबणाऱ्या बापाशी पोरगा भांडतो. ते भांडण व्यसनाचे लक्षण नव्हे. अर्धवट चाळीवर सूत तोडल्यासारखे ते आहे, विणणाऱ्या कोणत्याही आजीला कळेल. ‘साडेदहाला सेव्ह कर आणि ऊठ’ असे दहाला सांगा. ती मुदत मात्र पाळायला लावा. वडिलांनी आठवड्यातले तीन दिवस नऊ ते साडेदहा टीव्ही बंद ठेवायचे कबूल केले, हा त्या उपचारातला सर्वांत महागडा भाग होता.

दुसरा मुद्दा कॉम्प्युटरचा. हे खेळ मुळात टीव्हीसाठी रचलेले. खेळणारा सहा-आठ फुटांवर ऐसपैस बसतो, हातातला कंट्रोलर मांडीवर, मान सरळ. तोच खेळ लॅपटॉपवर आला, की पडदा दीड फुटावर येतो, तोही छातीच्या खाली. मान वाकते, खांदे पुढे येतात, मनगटे कीबोर्डच्या कडेवर घासतात. गोष्ट तीच, पण शरीराची बैठक पार बदलली. माझ्याकडे ‘मान धरली’ म्हणून येणाऱ्या तरुणांत ऑफिसचा लॅपटॉप आणि रात्रीचा लॅपटॉप अशी दुहेरी पाळी करणारे बरेच असतात. उपाय स्वस्त आहेत. कॉम्प्युटरला जोडायचा कंट्रोलर घ्यावा, तारेने पडदा घरच्या टीव्हीला जोडावा. ते जमत नसेल तर लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणावी आणि कीबोर्ड वेगळा वापरावा. मांडीवर तर नकोच.

डोळ्यांचे म्हणाल, तर पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या लवण्याचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. बुबुळ कोरडे पडते, डोळे चुरचुरतात. नेत्रतज्ज्ञ सांगतात, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर पाहावे. बीडीडीच्या खोलीत सलग वीस फूट आणायचे कुठून? म्हणून मी आमच्या पोरांना उठून पॅसेजच्या टोकाला जायला सांगतो. पाय मोकळे होतात, पाणी पिणे होते. गावाकडे हा प्रश्नच नाही, अंगणात या आणि समोरच्या आंब्याकडे पाहा.

अंधाराबद्दल मी जास्त कडक आहे. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या कार्टूनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश झपाट्याने चमकला आणि सहाशेहून अधिक जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावे लागले. काहींना झटके आले होते. अशा चमकीने फिट येणारी माणसे थोडी असतात, पण असतात, आणि या खेळांतल्या मंत्रविद्येच्या लढायांत चमचमाट पुष्कळ. घरात कुणाला फेफऱ्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे खेळ नकोत, अंधारात आणि जागरण करून तर कधीच नकोत. जागरण स्वतःच फिट ओढवून आणते. इतरांनीही एक छोटा दिवा पडद्यामागे लावावा, झोपलेल्यांना त्रास होत नाही.

मग खरे व्यसन कोणते? जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये खेळाच्या विकाराला रोगांच्या यादीत मान्यता दिली आणि 1 जानेवारी 2022 पासून ती यादी लागू झाली. त्यात नुसते तास मोजलेले नाहीत. खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणे, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, हे सारे साधारण वर्षभर टिकले आणि त्यामुळे शिक्षण, नोकरी, नाती बिघडली, तर तो विकार. बंगळूरच्या निम्हान्समध्ये तर 2014 पासून यासाठी वेगळे क्लिनिक आहे.

खेळाखेळांत फरक करायला पालकांनी शिकले पाहिजे. 2019 च्या एप्रिलमध्ये आमच्या वरळीच्याच एनएससीआय डोममध्ये ‘डोटा टू’ या खेळाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. तसले खेळ संघाने खेळायचे, डाव मध्येच सोडला तर चार सोबती शिव्या घालतात, आणि त्याला शेवट नसतो, उद्या पुन्हा पहिल्यापासून. पैसे लावायचे मोबाइलवरचे खेळ तर निव्वळ जुगार. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने त्यांच्यावर बंदीचा कायदा केला, ते बरेच झाले. जपानी गोष्टीचा खेळ एकदा विकत घेतला की संपला व्यवहार. तुम्ही आठ दिवस आला नाहीत तरी नायक त्याच लॉजवर थांबलेला असतो, आणि चाळीस किंवा शंभर तासांनी गोष्ट संपतेच. मला निवड करायची झाली तर मुलाच्या हाती मी हाच देईन.

चाळींचे आता टॉवर होत आहेत. वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना 14 ऑगस्ट 2025 रोजी 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. मुलांना दार लावता येईल अशी खोली पहिल्यांदाच मिळते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. पण चाळीतल्या खोलीत मुलगा किती वाजता निजला हे सहा जणांना कळत असे, बंद दारामागे ते कळणार नाही. कॉम्प्युटर हॉलमध्येच ठेवा. मुलगा जेवायला बाहेर येईनासा झाला, आंघोळ टाळू लागला, पैसे नाहीसे होऊ लागले किंवा खेळ काढून घेतल्यावर जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करू लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर आहे. ती फुकट आहे, रात्रीबेरात्रीही चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.