रोबोटच्या आधी नकाशा

हृदयाची मायट्रल झडप रोबोटने दुरुस्त करायचे ठरले, की डॉक्टर छातीपासून थेट जांघेपर्यंतचा सीटी स्कॅन काढायला सांगतात. बिघाड हृदयात, मग जांघेचा फोटो कशाला, असे घरच्या मंडळींना वाटते. बिल वाढवायची युक्ती असेल, अशी शंकाही एखादे काका बोलून दाखवतात. पण खरी मेख तिथेच आहे.

रोबोट आपल्या बुद्धीने काही करीत नाही. मे १९९८ मध्ये पॅरिसला फ्रेंच सर्जन आलँ कार्पांतिए यांनी त्याच्या साहाय्याने ही झडप दुरुस्त केली. तेव्हाही आणि आजही, थोड्या अंतरावर बसून यंत्राचे हात हलवतो तो सर्जनच. छातीचे मधले हाड कापावे लागत नाही, उजव्या बरगड्यांमधून लहान छिद्रे पाडली की भागते.

छाती उघडलेली नसल्याने हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्या सहसा जांघेतील रक्तवाहिन्यांतून घालतात. म्हणजे शुद्ध रक्त खालून वर, नेहमीच्या उलट दिशेने, महाधमनीतून मेंदूकडे चढते. महाधमनीच्या आतल्या भिंतीवर चरबीचे वा चुन्याचे थर असले आणि त्यातला एखादा कण सुटला, तर तो मेंदूत अडकून पक्षाघात होऊ शकतो. जांघेची धमनीच अरुंद किंवा वेडीवाकडी असेल, तर नळी घालणेही धोक्याचे. नाडी पाहून हे सारे कळत नाही, स्कॅनमध्ये दिसते.

छिद्रे कोणत्या बरगडीखाली पाडायची, तेही याच चित्रावरून ठरवता येते. जागा चुकली तर यंत्राचे हात एकमेकांवर आदळतात. झडप नेमकी कुठे गळते, ते मात्र अन्ननलिकेतून केलेल्या इकोत अधिक चांगले कळते, कारण तिथे ती हलताना दिसते. एवढे करूनही नकाशा तंतोतंत नसतो. स्कॅनच्या वेळी फुप्फुसात हवा असते. ऑपरेशनच्या वेळी उजवे फुप्फुस मिटवतात आणि हृदय जागचे थोडे सरकते. तिथे सर्जनचा अनुभवच कामी येतो.

स्कॅनसाठी शिरेतून औषध देतात. मूत्रपिंडाचा विकार असेल, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील किंवा पूर्वी अशा औषधाने अंगावर पित्त उठले असेल, तर आधी सांगा. रिपोर्ट आल्यावर सरळ विचारा, "जांघेपासून वरपर्यंतचा रस्ता स्वच्छ आहे ना?" नसेल, तर रोबोटचा हट्ट धरू नका. अशा रुग्णाला छाती उघडून केलेले जुने ऑपरेशनच अधिक सुरक्षित ठरू शकते. हाड जुळायला दीड-दोन महिने लागतात, तोवर पाण्याची बादली दुसऱ्याने उचलावी.