झाकणामागचे आकडे



मागच्या खेपेला आपण बियाण्याच्या उगवण चाचणीबद्दल बोललो. आज बियाणे आणि खते जरा बाजूला ठेवून एका मनगटी घड्याळाची हकीकत सांगणार आहे. नीट वाचा. तुमच्याही पेटीत असे एखादे घड्याळ असेल.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भागातल्या एका गावचे दोघे भाऊ माझ्याकडे आले. एका गाडीवर आले खरे, पण एकमेकांशी बोलत नव्हते. वडील वारून वर्ष झाले होते. त्यांच्या पेटीत जुने एचएमटी जनता घड्याळ निघाले. धाकट्याने त्याचे मागचे झाकण उघडले, तर झाकणाच्या आतल्या अंगाला सुईने ओरखडल्यासारखे आकडे दिसले. पहिल्या ओळीत ‘आर ४१२, ३।७६’. त्याखाली ‘५।७९’, ‘४।८२’, ‘५।८५’ आणि सर्वांत खाली, जरा वेगळ्या वळणाचे, ‘६।९१’.

झाले! धाकट्याला वाटले, ४१२ हा गट नंबर. वडिलांनी गुपचूप जमीन घेतली आणि ते फक्त थोरल्याला सांगितले. थोरल्याला वाटले, हा पतपेढीतल्या खात्याचा नंबर आणि पासबुक धाकट्याने दडवले. धाकट्याने तर गट ४१२ चा सातबाराही काढून आणला. तो निघाला तिसऱ्याच माणसाचा. त्यात शेजाऱ्याने भर घातली, की ही करणीची अक्षरे आहेत, घड्याळ नदीत सोडून द्या. सख्ख्या भावांत बांधावरून होते तसे वितुष्ट या चार ओरखड्यांवरून आले होते.

मला पिकावरची कीड ओळखता येते, घड्याळातले फारसे कळत नाही. म्हणून मी दोघांना तालुक्याच्या गावी एका वृद्ध घड्याळजींकडे घेऊन गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावले आणि हसून म्हणाले, “यातली पहिली चार अक्षरं माझ्या उस्तादांची. शेवटचं माझं.”

मग त्यांनी उलगडा केला. चावीच्या घड्याळातले तेल तीन-चार वर्षांत सुकते, त्यात धूळ बसते. तेव्हा ते खोलून, धुऊन, पुन्हा तेल द्यावे लागते. त्या काळी एचएमटी घड्याळे घरोघर होती. जपानच्या सिटीझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला हा कारखाना सुरू झाला होता. सारी घड्याळे दिसायला सारखीच. दुकानात वीस आली तर कोणते कोणाचे, हे कळणार कसे? म्हणून घड्याळजी झाकणाच्या आत बारीक टोकाने पावतीचा नंबर आणि महिना-साल कोरून ठेवी. गिऱ्हाईक “परवाच दुरुस्त केलं, लगेच बंद पडलं” म्हणून भांडायला आले, की झाकण उघडायचे. खरे-खोटे तिथेच कळायचे. कारखान्याचे आकडे ठशाने उठवलेले, एका मापाचे असतात. हाताचे ओरखडे फिकट आणि वाकडे-तिकडे. तेव्हा ‘आर’ म्हणजे उस्तादांच्या नावाचे पहिले अक्षर आणि ४१२ हा पावतीचा नंबर. जमीन नाही, खाते नाही आणि करणी तर नाहीच.

ही रीत आपल्याकडचीच नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचे खिशातले घड्याळ १८६१ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्या एका दुकानात दुरुस्तीला आले होते. जोनाथन डिलन नावाचा कारागीर ते खोलून बसला असताना बातमी आली, की फोर्ट सम्टर किल्ल्यावर बंडखोरांनी तोफा डागल्या. यादवी युद्ध सुरू झाले. त्याने तबकडीखालच्या पत्र्यावर ती बातमी, तारीख आणि आपले नाव कोरले आणि तबकडी बसवून टाकली. लिंकनना त्याचा पत्ता लागला नाही. पंचेचाळीस वर्षांनी, १९०६ साली, म्हाताऱ्या डिलनने ही गोष्ट वर्तमानपत्राला सांगितली. २००९ च्या मार्चमध्ये तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयाने घड्याळ उघडले, तर मजकूर खरोखरच होता! पण शब्द वेगळे निघाले. गुलामगिरी संपली असे आपण लिहिले, अशी डिलनची आठवण होती. प्रत्यक्षात तसे काही नव्हते. आपल्याला सरकार आहे याबद्दल देवाचे आभार मानलेले होते. म्हातारा खोटे बोलला नव्हता. माणसाची आठवण वर्षागणिक बदलते, कोरलेले अक्षर बदलत नाही.

आता आपल्या दोघा भावांकडे येऊ. घड्याळजींच्या बोलण्याने भांडण मिटले, पण एक गोष्ट माझ्या मनात राहिली. दर तीन वर्षांनी तेल दिलेले, मग ८५ नंतर एकदम ९१ कसे? घरी सोडायला गेलो तेव्हा त्यांच्या आईला विचारले. त्या म्हणाल्या, “लग्नात माझ्या वडिलांनी दिलेलं घड्याळ ते. पंच्याऐंशीनंतर विहिरीचं काम काढलं, पाणी लागंना. वर या दोघांच्या शाळा. घड्याळ बंद पडलं, पण तेलाला पैसे कुठले? बंदच बांधून बाजारला जायचे. कुणी वेळ विचारली तर घड्याळाकडं बघितल्यासारखं करायचे अन् सूर्य बघून सांगायचे. उसाचं पहिलं बिल आलं तवा चालू केलं.”

दोघेही खाली मान घालून बसले. मग धाकटा म्हणाला, “दादा, घड्याळ तू बांध.” थोरला म्हणाला, “राहू दे तुझ्याकडं. तेल मात्र वेळेवर घाल.” त्या दिवसातले त्यांचे एकमेकांशी झालेले हे पहिले बोलणे.

वाचकहो, असे घड्याळ घरात असेल तर सुरीने झाकण उचकटू नका. जाणत्या घड्याळजींकडून उघडून घ्या. आतले ओरखडे घासून चकचकीत करू देऊ नका. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ सालीच घेतला. त्या हातांचे अक्षर आता पुन्हा मिळणार नाही.

आणि घड्याळजींची ही सवय आपणही उचलावी. गाय कधी भरवली, फवारणी कोणती आणि कोणत्या तारखेला केली, मोटर कधी भरून आणली, उसने कोणाला किती दिले, हे त्याच दिवशी वहीत तारीख घालून लिहा. दोन ओळी पुरेत. आपल्या मागे मुलांना त्या वाचता याव्यात आणि आकड्यांवरून त्यांना भांडावे लागू नये, एवढ्यासाठी तरी लिहा.

पुढच्या अंकी भेटूच.