आधी पोस्ट, मग समाज?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये गुणवंतांच्या सत्काराचे बॅनर झळकतात. त्याच आठवड्यात सेतू केंद्रासमोर रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, महाडीबीटीचा अर्ज. त्या रांगेत गुणवंत विद्यार्थी एका कागदासाठी अडकून पडतो. आणि त्याच वस्तीत पदवी घेतलेला, स्पर्धा परीक्षेला चार-पाच वर्षं दिलेला तरुण 'आपण काहीच करू शकलो नाही' म्हणत घरात बसलेला असतो. या दोघांची गाठ पडत नाही. आमच्या मते आजच्या चळवळीपुढचा हा साधा, पण गंभीर प्रश्न आहे.

त्या तरुणाची अवस्था त्याच्या आळसातून आलेली नाही. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत, हे गणित सगळ्यांना माहीत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यसेवा पूर्व परीक्षा आणि आयबीपीएसची परीक्षा एकाच दिवशी आली. पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे आयोगाने २५ ऑगस्टची परीक्षा पुढे ढकलली. त्याआधी वर्णनात्मक पद्धतीवरून आंदोलन झालं आणि ती पद्धत २०२५ पर्यंत लांबली. प्रत्येक लांबणीत वयाचं एकेक वर्ष जातं. अभ्यासिकेतला तरुण मात्र मनाशी म्हणत राहतो, 'एकदा पोस्ट निघू दे, मग समाजासाठी काहीतरी करू.' पोस्ट निघत नाही आणि ते 'काहीतरी'ही राहून जातं.

या समजुतीला आपणही खतपाणी घातलं आहे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी खंत व्यक्त केली, ती आपण दर जयंतीला सांगतो. पण सांगताना बोट नेहमी अधिकाऱ्याकडे, प्राध्यापकाकडे, डॉक्टरकडे असतं. जणू समाजाचं ऋण फक्त पगारदारानेच फेडायचं असतं. ज्याच्या हातात पद नाही, त्याच्याकडे द्यायला काही नाही, असं आपणच त्याला ऐकवत आलो. मग त्याला आपलं जगणं रिकामं वाटलं, तर नवल कसलं?

विनयपिटकातल्या महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची हकिगत आहे. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हतं. भगवान बुद्ध आणि आनंद यांनी त्याला आंघोळ घातली, उचलून मंचकावर झोपवलं. नंतर तथागतांनी भिक्खूंना कारण विचारलं. उत्तर मिळालं की तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी त्याची काळजी घेत नाही. त्यावर तथागतांनी समजावलं की इथे तुमचे आईवडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? ही कथा आपण करुणेची म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. पण आम्हाला त्यातलं भिक्खूंचं उत्तर जास्त महत्त्वाचं वाटतं. माणसाची किंमत त्याच्या 'उपयोगा'वरून ठरवण्याची सवय संघातही शिरली होती. परीक्षेत नापास झालेल्या मुलाबद्दल वस्ती आज हाच हिशेब करते. त्याहून वाईट म्हणजे तो मुलगा स्वतःबद्दलही हाच हिशेब करतो.

आता त्या रांगेकडे परत येऊ, कारण खरं काम तिथे आहे.

अनुसूचित जातीच्या वैधतेसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही, त्यांनी शाळेचा दाखला कुठून आणायचा? मग शोध सुरू होतो गाव नमुना १४ चा, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदीचा. तहसील कार्यालयात ही बाडं मिळतात, पण जुन्या नोंदी पुष्कळदा मोडीत असतात. कामासाठी मुंबईला आलेल्या कुटुंबांची मूळ गावाशी नाळ तुटलेली, आडनाव बदललेलं. शिवाय १९५६ नंतर अनेकांनी शाळेत अभिमानाने फक्त 'बौद्ध' लिहिलं. जी जात आपण दीक्षाभूमीवर सोडली, तिचाच कागद नातवंडांना शोधावा लागतो. हे बोचतं, पण टाळता येत नाही. केंद्राने १९९० मध्ये बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या, तरी केंद्राच्या नोकरीसाठीचा दाखला वेगळ्या नमुन्यात लागतो आणि त्यात पूर्वाश्रमीची जात नमूद असावी लागते. हे माहीत नसल्याने ऐन कागदपत्र तपासणीत मुलं अडकतात.

शिष्यवृत्तीचंही तसंच. अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. केंद्र आणि राज्याचा वाटा ६०:४० असा, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. आधार बँकेशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात. एक वाटा आला आणि दुसरा राहिला, तर कॉलेज फीसाठी तगादा लावतं. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, पण ती आहे हेच अनेक घरांना ठाऊक नसतं.

यातलं एकही काम करायला क्लास वनची पोस्ट लागत नाही. राज्यघटना आणि शासकीय योजना पाच वर्षं घोकलेल्या मुलाला हे वस्तीतल्या इतर कोणाहीपेक्षा लवकर समजतं. ज्या ज्ञानाला आयोगाने गुण दिले नाहीत, ते ज्ञान शेजारच्या मुलीची अॅडमिशन वाचवू शकतं. एखाद्याने मोडी शिकून घेतली, तर पंचक्रोशीतली घरं त्याला शोधत येतील. जगण्याला अर्थ मिळतो म्हणतात तो असा मिळतो. व्याख्यानं ऐकून, प्रेरणादायी रील्स बघून तो मिळाल्याचं आमच्या तरी पाहण्यात नाही.

अर्थात यात दोन धोके आहेत आणि ते स्पष्ट बोलायला हवेत. पहिला धोका म्हणजे सरकारची सुटका. पोर्टल बंद पडतं, अर्ज महिनोन् महिने प्रलंबित राहतात, ही शासनाची जबाबदारी आहे. कार्यकर्त्यांनी ती फुकटात भरून काढली, तर कोणालाच जाब विचारला जाणार नाही. म्हणून मदत करतानाच नोंदही ठेवायची. किती अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस अडले याची वही असेल, तर समाजकल्याण कार्यालयात निवेदन देताना हातात पुरावा असतो. माहितीच्या अधिकारातला अर्जही नेमका करता येतो.

दुसरा धोका तरुणांच्या पिळवणुकीचा. समाजकार्याने मन भरतं, पोट भरत नाही. 'चळवळीसाठी कर' म्हणत बेरोजगार मुलाला वर्षभर राबवायचं आणि सत्काराच्या वेळी स्टेजवर नेत्यांनीच बसायचं, हे आपल्याकडे कमी झालेलं नाही. झेरॉक्स आणि प्रवासाचा खर्च मंडळाने द्यावा. त्याची स्वतःची परीक्षा जवळ आली की त्याला मोकळं सोडावं. आठवड्याचे दोन तास, ठरलेला वार, विहारातलं एक टेबल. एवढ्यावर हे काम टिकतं. रोजच्या रोज मागितलं, तर दोन महिन्यांत बंद पडतं.

जयंतीचा हिशेब अनेक मंडळं मे-जूनमध्ये मांडतात. डीजेच्या एका रात्रीच्या पैशांत प्रिंटर, स्कॅनर आणि वर्षभराचं इंटरनेट येतं. या वर्षीच्या बैठकीत हा विषय कोणीतरी मांडावा. अर्जांची मुदत संपायच्या आत मांडला, तर याच बॅचच्या मुलांना त्याचा उपयोग होईल.