शोभेचें घड्याळ

सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत एक नवें दैवत येऊन बसूं लागलें आहे. अंगभर गुलाबांचे झुबके, दोहों बाजूंस गुबगुबीत बालकें, पायाशीं शिंपल्यासारखीं वळणें, आणि या गर्दींत हरवलेली एवढीशी तबकडी, असें हें चिनीमातीचें घड्याळ. "रोकोको पद्धतीचें, अस्सल जुनें," असें यजमान अभिमानानें सांगतात. किती वाजले, हें मात्र त्यांस विचारूं नये. तें बहुधा बंदच असतें.

हें घड्याळ मुळांत थंड देशांतील भिंतींतल्या शेगडीवरच्या फळीसाठीं घडविलेलें. वैशाखांत जेथें भिंती आपोआप तापतात, त्या हिंगोलींत ही फळी कोठून आणावयाची? येथें पूर्वीं हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १९०३ सालीं तें सैन्य हिंदी सैन्यांत विलीन झालें, साहेब गेला. पण आमच्या घरांत नसलेली शेगडी तो आमच्या मनांत पेटवून गेला असें दिसतें.

आतां 'अस्सल' या शब्दाकडे वळूं. ही शैली फ्रान्समध्यें पंधराव्या लुईच्या अमदानींत, म्हणजे १७१५ ते १७७४ या काळांत, बहरली. सॅक्सनींतील माइसेनचा प्रसिद्ध कारखाना १७१० चा. परंतु एकोणिसाव्या शतकांत जुन्या शैलीची हौस पुन्हां उसळली, आणि जर्मन कारखान्यांनीं असले नमुने सरसकट काढले. माइसेनच्या दोन तलवारींच्या खुणेचीं अनुकरणें इतकीं झालीं आहेत कीं, केवळ खूण पाहून पैसे मोजणें हा निव्वळ भोळेपणा होय.

आमचें भांडण नक्षीशीं नाहीं. औंढा नागनाथाच्या देवळाच्या भिंती शिल्पांनीं भरल्या आहेत. पण त्या भिंती देऊळ तोलून धरतात. हैदराबादेस सालारजंग संग्रहालयांत कलकत्त्याच्या कुक अँड केल्वी पेढीकडील घड्याळ आहे. दर तासास आंतून एक बाहुला येऊन टोले देतो, आणि तें पाहण्यास माणसें आधींपासून जागा धरून बसतात. तेंहि शोभेचेंच, पण चालतें!

आपलें घटिकापात्र तर अगदींच साधें. बुडाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावयाची. ती भरून बुडाली कीं एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटें. अहोरात्रींत अशा साठ. लग्नाचे मुहूर्त या वाटीवर साधले जात. 'घटका भरली' असें आपण अजून म्हणतों. वाटी मात्र अडगळींत, आणि बंद घड्याळ कांचेच्या कपाटांत!

जुन्या वस्तूस हात लावूं नये, असें कोणी म्हणेल. संग्रहालयांतील निर्विवाद मूळ नमुन्याविषयीं तें आम्हांस मान्य आहे. घरच्या घड्याळास ही सबब लागू नाहीं. तें गांवांतल्या घड्याळजीकडे न्यावें, मागचें झांकण उघडवावें. आंत चावीची कमान असेल तर साफ करवून तें चालतें करावें. सेलवर चालणारें यंत्र निघालें, तर निदान 'अस्सल जुनें' हे शब्द तरी पाहुण्यांपुढें उच्चारूं नयेत.