बिदरीचा काळा रंग म्हणजे तिचे वय नव्हे

जुन्या वस्तूंच्या बाजारात बिदरी कामाचा हुक्का किंवा सुरई दिसली, की दुकानदार हमखास सांगतो, ‘‘बहामनी काळातली चीज आहे, साहेब.’’ अशा वस्तूवर बहुधा ना कारागिराचे नाव असते, ना साल. त्यामुळे सांगेल ते वय आणि मागेल तो भाव, असा कारभार चालतो. तो थांबला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम बहामनी हुक्क्याविषयी. बिदरी कलेचा उगम बहामनी राजवटीशी जोडला जातो हे खरे; पण ती सत्ता सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच संपली. तंबाखू पोर्तुगीजांमार्फत दख्खनमध्ये आली. १६०४ च्या सुमारास असद बेगने ती विजापूरहून अकबराच्या दरबारात नेली, तेव्हा तेथे ती नवलाईची वस्तू होती. मग बहामनी सुलतानांनी हुक्का ओढला कधी?

आता रंगाविषयी. बिदरी भांडे जस्त व थोडे तांबे यांच्या मिश्रणातून ओततात, त्यावर खोदकाम करून चांदीची तार किंवा पत्रा बसवतात. अखेरीस बिदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांचा लेप देतात. जस्त काळे पडते, चांदी तशीच चकाकते. झिजलेल्या भांड्यालाही हा रंग पुन्हा देता येतो. सबब गडद काळेपणा हा वयाचा पुरावा नव्हे.

मग पाहावे काय? आधी आकार. सतराव्या शतकातील हुक्क्याचे भांडे बहुधा चेंडूसारखे गोल असे व ते कड्यावर ठेवावे लागे. पुढे अठराव्या शतकात घंटेच्या आकाराचे, सपाट बुडाचे हुक्के रूढ झाले. मात्र जुना आकार आजही ओतता येतो, म्हणून झीजही पाहावी. जेथे हात लागतो, जेथे बूड टेकते, तेथे ती हवी. सर्वत्र सारखेच ओरखडे असतील तर सावध व्हावे. शिवाय प्रत्येक बिदरी बिदरचीच असते असे नाही. लखनौ, पूर्णिया, मुर्शिदाबाद येथेही हे काम होत असे. चांदीचे उठावदार ‘जरबुलंद’ काम असेल तर लखनौचा विचार करावा. शंका राहिल्यास हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील नमुन्यांशी ताडून पाहावे.

कायद्याचाही विसर पडू नये. प्राचीन वस्तूंविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. दुकानात तीनशे वर्षांची आणि विमानतळावर कालपरवाची, अशी एकाच वस्तूची दोन वये सांगणे हा व्यापार नव्हे.

यात फसतो तो केवळ ग्राहक नव्हे. बिदरचे उस्ताद शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ही कला आजही जिवंत आहे. नवे काम जुने म्हणून विकले, की ज्या हातांनी ते घडवले त्यांचे नाव पुसले जाते आणि वाढीव भाव मधल्या माणसाच्या गल्ल्यात जातो.

व्यापारी बांधवांनी पावतीवर वस्तू कोठली व केव्हाची ते लिहावे. ठाऊक नसेल तर ‘वय निश्चित नाही’ असे लिहावे. नवी असेल तर कारागिराचे नाव लिहावे. ग्राहकांनीही अशा पावतीशिवाय पैसे मोजू नयेत.