बुडालेल्या जाळ्याचा पत्ता कोण सांगणार?

वेरूळच्या कैलास लेण्यात नदीदेवतांचं एक दालन आहे. गंगा मकरावर, यमुना कासवावर, सरस्वती कमळावर. नदी म्हणजे नुसतं पाणी नव्हे, त्यातले जीवही, हे दगडात कोरून ठेवलेलं. आज त्यातल्या कासवाच्या मागे एक नवीन संकट लागलंय. त्याचं नाव 'घोस्ट नेट', म्हणजे भूतजाळं.

होडीतून पडलेलं, वादळात तुटलेलं किंवा तळाशी अडकून सोडून द्यावं लागलेलं जाळं मासे पकडणं थांबवत नाही. त्यात मासा अडकतो, मरतो. त्या मेलेल्या माशाकडे खेकडा येतो, तोही अडकतो. पूर्वी जाळी सुताची किंवा सणाची असायची, ती पाण्यात कुजायची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन आलं. ते स्वस्त, मजबूत आणि पाण्यात जवळजवळ न दिसणारं. मच्छीमाराच्या सोयीचे हेच गुण जाळं हरवल्यावर घातक ठरतात.

हे किती मोठं आहे? ऑस्ट्रेलियाच्या 'सीएसआयआरओ' या संस्थेच्या संशोधकांनी सात देशांतल्या 451 मच्छीमारांशी बोलून 2022 मध्ये अंदाज मांडला: जगात वापरात असलेल्या मासेमारी साधनांपैकी जवळपास 2 टक्के साधनं दरवर्षी पाण्यात हरवतात. फक्त गिलनेटचं क्षेत्रफळ काढलं तर वर्षाला सुमारे 2,963 चौरस किलोमीटर. आपल्या पैठणच्या नाथसागराचं पाणी साधारण 350 चौरस किलोमीटरवर पसरतं. म्हणजे आठ नाथसागर झाकून जातील एवढी जाळी, दरवर्षी.

आता कुणी म्हणेल, समुद्र इथून तीनशेहून जास्त किलोमीटर, आपला काय संबंध? पण हा प्रश्न खाऱ्या पाण्यापुरता नाही. 2019 मध्ये गंगेवर बांगलादेशातल्या मुखापासून हिमालयापर्यंत एक संशोधन मोहीम झाली. किनाऱ्यावर टाकलेल्या, हरवलेल्या मासेमारी साधनांची त्यात मोजणी झाली, आणि सापडलेल्या साधनांत सर्वाधिक होती जाळी. गंगेतला डॉल्फिन आणि अतिसंकटग्रस्त कासव यांना त्यांचा धोका असल्याचं संशोधकांनी नोंदवलं. जाळी लवकर खराब होतात आणि जुनं जाळं टाकायचं कुठे याची सोयच नाही, हे तिथल्या मच्छीमारांकडूनच कळलं. नाथसागरही गोड्या पाण्याचा, पक्षी अभयारण्य असलेला जलाशय. त्याच्या पोटात बुडालेल्या गावांच्या भिंती आहेत, आणि अशा ठिकाणी जाळं अडकायला वेळ लागत नाही.

मग यावर उपाय काय? सोशल मीडियावर दिसणारा उपाय म्हणजे डायव्हिंग. पाठीवर सिलिंडर, हातात चाकू, आणि वर येणारा जाळ्याचा ढीग. चेन्नई, पुद्दुचेरी, तिरुवनंतपुरम इथे स्वयंसेवी डायव्हर असं काम करतात. ते सोपं नाही. डायव्हर कधीच एकटा उतरत नाही, कारण न दिसणारं नायलॉन त्यालाही अडकवू शकतं. जाळं होडीने ओढलं तर प्रवाळ मुळासकट उखडतं, म्हणून ते तुकड्या-तुकड्यांनी कापायचं, हवेच्या पिशव्या बांधून हळूहळू वर सोडायचं. प्रवाळ जाळ्यावरच वाढलं असेल तर तेवढा भाग तिथेच ठेवावा लागतो.

आपल्या राज्यातही हे कौशल्य आहे. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे, आणि मालवणच्या समुद्रात स्थानिक मुलं रोज पर्यटकांना घेऊन पाण्याखाली जातात. पण हौशी डायव्हिंगची मर्यादा 40 मीटर, आणि सुरुवातीचा कोर्स केलेल्याला फक्त 18 मीटर. त्याखालचं जाळं त्यांच्या हाती लागत नाही. शिवाय मुळात ते कुठे पडलंय, हेच माहीत नसतं.

हे माहीत असतं फक्त एकाला. ज्याचं जाळं गेलं त्याला.

नॉर्वेने हे ओळखलं. तिथे जाळं हरवलं की आधी स्वतः शोधायचं, नाही सापडलं तर सरकारला जागा कळवायची, हा नियम आहे. 1983 पासून तिथलं मत्स्य संचालनालय दरवर्षी मोहीम काढून, जहाजामागे लोखंडी आकडे सोडून, खोल पाण्यातली जाळी ओढून काढतं. आतापर्यंत वीस हजारांहून जास्त गिलनेट निघाली. युरोपीय संघातही न सापडलेल्या जाळ्याची माहिती 24 तासांत द्यावी लागते.

आपल्याकडे मच्छीमार सांगेल का? त्याच्या जागी उभं राहून बघा. जाळं ही त्याची सगळ्यात महागडी वस्तूंपैकी एक, ती तो मुद्दाम फेकत नाही. सिंधुदुर्गात परराज्यातल्या हायस्पीड ट्रॉलरनी जाळी फाडल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होताहेत. मे 2025 मध्ये केरळजवळ 'एमएससी एल्सा 3' हे जहाज बुडालं, त्यानंतर तळाशी गेलेल्या कंटेनरमध्ये जाळी अडकून फाटल्याचं तिथले मच्छीमार सांगत होते. नुकसान त्याचं, वर प्रदूषणाचा ठपकाही त्याच्यावर येणार असेल, तर तो गप्पच बसणार.

त्याला बोलतं करण्याचा मार्ग महाराष्ट्राने एकदा शोधलाय. डिसेंबर 2018 पासून वन आणि मत्स्यव्यवसाय विभागाची एक योजना आहे. कासव किंवा देवमुशीसारखा संरक्षित जीव जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर पुरावा दिल्यावर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. धाक नाही, तर भरपाई. त्यामुळे कासव सोडणं मच्छीमाराला परवडू लागलं, आणि कुठे काय अडकतं याची माहितीही जमू लागली.

हीच कल्पना हरवलेल्या जाळ्यासाठी का नको? जागा कळवणाऱ्यावर कारवाई नाही, उलट नव्या जाळ्यासाठी थोडी मदत. जाळ्यावर मालकाची खूण असावी, हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2018 मध्येच सुचवलंय. खोटे दावे होतील, ही शंका रास्त आहे. पण खूण असलेलं जाळं सांगितलेल्या जागी सापडलं, तर दावा आपोआप तपासला जातो.

सुरुवात समुद्रापासूनच व्हावी असंही नाही. उन्हाळ्यात नाथसागराचं पाणी ओसरतं, तळ उघडा पडतो. तिथे जाळी शोधायला ना सिलिंडर लागतो ना चाळीस मीटरची बुडी. भूगोल, प्राणिशास्त्र, समाजकार्य शिकणाऱ्या मुलामुलींनी पैठणच्या मच्छीमार सोसायटीसोबत बसून, कुणाचं जाळं कुठे आणि कशामुळे गेलं, एवढा नकाशा जरी केला तरी तो एखाद्या प्रोजेक्टपेक्षा जास्त उपयोगाचा ठरेल. फक्त तिथे जाताना मच्छीमाराला शिकवायला जाऊ नका. विचारायला जा.